सहा नंबरची चूक

सहावी इनिंग संपली आणि जे तोंडातून काढायला नको होतं तेच मी काढलं. शेजारच्या खुर्चीवरच्या खोडके साहेबांकडे झुकून म्हणालो, "साहेब, अजून एकही हिट नाही."

खोडके साहेब म्हणजे आमच्या संघटनेचे सचिव आणि निवड समितीचेही प्रमुख. ते भाजलेल्या शेंगा खात होते. त्यांचा हात कागदाच्या पुडीतच थांबला.

"कोणाची हिट नाही?"

"परभणीची. आपल्या स्मितानं सहा इनिंगमध्ये एक हिट दिलेली नाही. शेवटची सातवी अशीच गेली तर नो-हिट सामना होतो. आपल्या राज्य स्पर्धेत आजवर झालेला नाही."

"पक्कं सांगून राहिले ना गुल्हाने? मागाहून तोंडावर पडायला नको."

"अकरा वर्षांची स्कोअरशीटं माझ्याकडे आहेत," मी म्हणालो, आणि हे म्हणताना माझी छाती दोन इंच फुगली असणार.

पाच मिनिटांत ही बातमी मांडवभर झाली. खोडके साहेबांनी एकाला स्थानिक पेपरच्या वार्ताहराला आणायला पिटाळलं आणि दुसऱ्याला शाल आणायला. पहिली शाल पिचर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या स्मिता राऊतसाठी होती. दुसरी कोणासाठी, हे मी विचारलं नाही, पण साहेब माझ्याकडे बघून हसले होते.

पुसदच्या कॉलेजचं मैदान, शहाण्णव सालचा जानेवारी. ज्युनियर मुलींच्या बेसबॉलची राज्य स्पर्धा आमच्याकडे होती आणि सेमीफायनल चालू होती, यवतमाळ विरुद्ध परभणी. मी शाळेत विज्ञान शिकवत असे आणि सुट्टीच्या दिवशी स्कोअरर होत असे. नियमांचं इंग्रजी पुस्तक सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचलेला तालुक्यातला मी एकटाच, म्हणून ते काम माझ्याकडे आलं आणि मी ते कोणाला सोडलं नाही. या खेळाच्या नियमांत एकेक वल्ली आहेत. तिसऱ्या स्ट्राइकला बॅटर बाद, पण मागे कॅचरच्या हातून चेंडू सुटला तर तीच बाद झालेली बाई पळत जाऊन पहिल्या बेसवर उभी राहू शकते. एखादा संघ चुकीच्या क्रमानं बॅटिंगला आला तर ते स्कोअररला दिसतं, पण समोरच्या संघानं तक्रार करेपर्यंत त्यानं तोंडाला कुलूप घालून बसायचं. असल्या गमती चारचौघांत सांगायला मला फार आवडे. बायको म्हणायची, तुम्हाला पोळीभाजीपेक्षा कलमं जास्त पचतात.

पण स्कोअररचा खरा मान एकाच गोष्टीत. चेंडू मारून बॅटर पहिल्या बेसवर पोचली, की ते तिचं कर्तृत्व की समोरच्या खेळाडूचा ढिसाळपणा, हे स्कोअररनं ठरवायचं. कर्तृत्व असेल तर हिट. ढिसाळपणा असेल तर त्या खेळाडूच्या नावावर चूक, म्हणजे कागदावर इंग्रजी 'ई' आणि पुढे तिच्या जागेचा नंबर. अंपायर यात पडत नाही. पेन्सिल माझी आणि शब्दही माझा.

त्या वर्षी या चुकांना भलतीच किंमत आली होती, आणि तीही माझ्यामुळेच. आदल्या वर्षी महाराष्ट्राचा संघ निवडताना फार भांडणं झाली. ही अमक्याची पुतणी, ती तमक्याची भाची. मीच मग सभेत उठून सुचवलं की फिल्डिंग करणाऱ्या मुली स्कोअरशीटवरच्या आकड्यांवर निवडा, म्हणजे कोणाला बोलायला जागा नको. खोडके साहेबांना ते पटलं. शॉर्टस्टॉपची, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभं राहणारीची, महाराष्ट्राच्या संघात एकच जागा होती. तिच्यासाठी दोन मुली होत्या. एक सांगलीची आणि एक आमची यमुना टेकाम. सेमीफायनलपर्यंत दोघींच्याही नावावर चुका शून्य.

यमुना पांढरकवड्याकडची. वडील वनखात्याच्या रोपवाटिकेत रोजंदारीवर. स्पर्धेच्या पहिल्या दिवशी मैदानावर चुना मारताना तिनं मला सांगितलं होतं, "सर, मले वनरक्षक व्हायचं हाये. नॅशनल खेळली तं खेळाडूच्या जागेतून फारम भरता येते. बाबा म्हंते, यंदा झालं तं ठीक, नाई तं मंग रोपवाटिकेतच ये." तिच्या जागेचा नंबर सहा.

सातव्या इनिंगला दोन जणी बाद झाल्या. मांडवात सगळे उभे राहिले. तिसरी बाद झाली की सामना संपणार होता. परभणीची पुढची मुलगी बॅटिंगला आली. तिनं स्मिताचा दुसराच चेंडू जमिनीवरून सणकून मारला, तिसऱ्या बेसच्या आणि शॉर्टस्टॉपच्या मधल्या रिकाम्या जागेत, जिथे कोणीच नसतं.

यमुना आडवी धावली. सहा-सात ढांगा टाकून तिनं अंग झोकून दिलं आणि चेंडू ग्लोव्हमध्ये घेतला. मी अकरा वर्षांत तसा चेंडू अडवलेला पाहिला नव्हता. गुडघ्यावरूनच तिनं पहिल्या बेसकडे फेकला. फेक थोडी आखूड पडली, टप्पा पडून चेंडू निसटला आणि बॅटर एका पावलानं पोचली.

सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं.

नियम सोपा आहे. साधारण खेळाडूला साधारण प्रयत्नात जे जमलं असतं ते तिला जमलं नाही, तरच तिची चूक. पुढे कितीतरी वर्षं मी नव्या स्कोअररच्या शिबिरात हाच चेंडू फळ्यावर काढून दाखवला आणि विचारलं, काय लिहाल? सगळे एका सुरात सांगायचे, हिट. मी म्हणायचो, शाबास. तो चेंडू कोणत्या सामन्यातला आणि तेव्हा स्कोअरर कोण होता, हे मी कधी सांगितलं नाही.

"काय लिहिता?" खोडके साहेबांनी विचारलं. वार्ताहर माझ्या खांद्यावरून कागदात डोकावत होता.

स्मिता कमरेवर हात ठेवून उभी होती. यमुना अजून गुडघ्यावरच होती. तिनं स्मिताकडे पाहून ग्लोव्ह छातीला लावला. माझी चूक, अशी खूण. मी कागदावर ई-सहा लिहिलं आणि मोठ्यानं म्हणालो, "चूक. शॉर्टस्टॉप."

मांडवात टाळ्या पडल्या. पुढच्या मुलीचा उंच उडालेला चेंडू स्मितानं स्वतःच झेलला आणि सामना संपला. घड्याळात सव्वाचार झाले होते. सामना संपल्याची वेळ कागदावर लिहावी लागते, म्हणून ती मला पक्की आठवते. स्मिताला सगळ्यात आधी कडेवर उचललं ते यमुनानं.

दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी शाळेच्या एका वर्गात बसून मी ती शीट शाईनं पक्की करत होतो. शेजारी पेपर उघडा होता. 'स्कोअरर पी. व्ही. गुल्हाने यांच्या नोंदीनुसार' हे शब्द मी तीनदा वाचले होते. दारात स्मिता आणि यमुना येऊन उभ्या राहिल्या.

"सर, येऊ का?" स्मितानं विचारलं. ही यवतमाळच्या ड्रिल मास्तरांची मुलगी, बोलायला धीट.

"ये की. पेपर पाहिलास?"

"पाहिला. सर, कालची ती शेवटची हिट होती."

"हिट कशी? तुझा नो-हिट सामना आहे तो. बक्षीस समारंभात सत्कार आहे तुझा."

"सत्काराचं काय घेऊन बसले सर? यमुनाच्या नावावर चूक बसली ना. सांगलीवालीची शून्य आहे. तुम्ही हिट करून टाका. मला चालते."

मी पेनचं टोपण लावलं. अठरा वर्षांची पोर मला माझा मान परत करायला सांगत होती. तिचा स्वतःचा तर ती केव्हाच सोडून मोकळी झाली होती. मला राग आला. तो खरा राग नव्हता हे मला तेव्हाही कळत होतं.

"यमुना," मी म्हणालो, "तूच छातीला हात लावलास. सगळ्यांनी पाहिलं."

"ते तं म्या स्मितासाठी लावला सर," यमुना म्हणाली. "ते घाबरून गेली व्हती. अजून एक बॅटर बाकी व्हती ना."

ती पुढे आली आणि टेबलावरच्या कागदाकडे बघत राहिली. त्या चौकोनांतलं तिला किती कळत होतं कोण जाणे, पण सहाचा आकडा तिनं शोधून काढला असावा.

"सर, मले एक इचारायचं हाये."

"विचार."

"मी तिथं पोचलीच नसती तं तुमी काय लिवलं असतं?"

इतकी वर्षं मास्तरकी केली, विद्यार्थ्यानं सरळ प्रश्न विचारला की उत्तर बरोबर देण्याची सवय. मी म्हणालो, "हिट."

"चूक नाई?"

"नाही. इतक्या लांबचा चेंडू ग्लोव्हला लागलाच नाही तर चूक कशी धरणार?"

"म्हंजे धावली म्हून चूक झाली."

ती हे तक्रारीच्या सुरात म्हणाली नाही. गणितातली पायरी समजली की मुलं मान हलवतात, तशी तिनं मान हलवली. बाहेर कोणीतरी बादलीत पाणी सोडलं होतं, त्याचा आवाज येत होता.

"सांगलीवाली जाग्यावरून हालतच नाई," ती पुढे म्हणाली. "म्या दोन सामने पाह्यले तिचे."

"तसं नसतं ते," मी म्हणालो. "नियमांना त्यांची एक दृष्टी असते." कसली दृष्टी, ते मला स्वतःला सांगता आलं नसतं.

"बदलता येते का नाही, तेवढं सांगा सर," स्मिता म्हणाली.

"एकदा लिहिलं की लिहिलं. स्कोअरशीट म्हणजे काय फळा आहे, पुसलं की गेलं?"

"असं नियमातच आहे?"

"नियमातच आहे."

पुस्तक टेबलावरच होतं. दोघींपैकी कोणीही ते उघडून दाखवा म्हणाली नाही. गुल्हाने सरांना पान नंबर कोण विचारणार? स्मिता पाय आपटत निघून गेली. यमुना दारापर्यंत गेली, परत वळली आणि खिडकीतल्या वाऱ्यानं खाली पडलेला एक कागद उचलून तिनं माझ्या टेबलावर ठेवला. मग गेली.

फायनल दोन वाजता सुरू झाली, सांगलीशी. सामना चांगला झाला. आमच्या मुली शेवटच्या इनिंगपर्यंत दोन-एकनं पुढे होत्या. सांगलीची शेवटची बॅटिंग चालू होती. दोघी बाद, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर त्यांच्या दोन मुली उभ्या. एक बाद झाली की यवतमाळ पहिल्यांदा राज्य विजेता होणार होतं. सांगलीच्या मुलीनं बॅट फिरवली आणि चेंडू जमिनीवरून निघाला, कालच्याच जागेत. कालच्यापेक्षा हळू होता. यमुनासाठी तर फारच हळू.

यमुनानं दोन पावलं टाकली आणि ती थांबली.

चेंडू तिच्यापासून हातभर अंतरावरून मागे गवतात गेला. दोन धावा आल्या. सांगलीच्या मुली आरडाओरडा करत मैदानात धावल्या. स्मिता यमुनाकडे बघत उभी राहिली. यमुना जमिनीकडे बघत होती.

"वाईट झालं," खोडके साहेब सुस्कारा सोडून म्हणाले. "पण तो चेंडू कोणालेच सापडला नसता. हिटच ना?"

"हिट," मी म्हणालो आणि लिहिलं. अख्ख्या मैदानात त्या मुली दोघी आणि मी, आम्हा तिघांनाच माहीत होतं की काय झालं. जिच्या हाडामांसात धावणं होतं अशा मुलीला मी सकाळी वर्गात बसवून थांबायला शिकवलं होतं. एकच धडा दिला आणि तो तिनं पहिल्याच खेपेला बरोबर गिरवला.

पावणेचारला बक्षीस समारंभ सुरू झाला. मला व्यासपीठावर खोडके साहेबांच्या शेजारी खुर्ची होती. स्मितानंतर माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि 'ऐतिहासिक सामन्याचे साक्षीदार' अशी ओळख. शाल खांद्यावर ठेवूनच मी खुर्चीत बसलो आणि घड्याळ पाहिलं. चार वाजून चार मिनिटं.

आता सांगायचं ते सांगून टाकतो. हिट की चूक हा निर्णय स्कोअररला बदलता येतो. सामना संपल्यापासून चोवीस तासांच्या आत, कोणालाही न विचारता, नुसती नवी नोंद करून खाली सही केली की झालं. आमच्या स्पर्धेला तोच नियम लागू होता आणि तो असलेलं पान मी स्वतःच लाल पेन्सिलनं अधोरेखित केलं होतं. सकाळी त्या मुली आल्या तेव्हा माझ्या हातात आठ तास होते. आता अकरा मिनिटं होती.

आणखी एक. तिनं छातीला हात लावला म्हणून मी चूक लिहिली, असं मी त्या दिवशी वार्ताहराला सांगितलं, खोडके साहेबांना सांगितलं, रात्री जेवताना बायकोलाही सांगितलं. क्रम उलटा होता. तिची फेक निसटली तेव्हाच माझ्या पेन्सिलीनं 'ई' काढून झाला होता. तिचा हात मी नंतर पाहिला आणि सुटलो असं वाटून मला आनंद झाला. मला त्या आनंदाची आजही लाज वाटते, चुकीपेक्षा जास्त.

निवडलेल्या संघाची यादी खोडके साहेबांच्या खिशात होती. मला फक्त त्यांच्याकडे झुकून चार शब्द बोलायचे होते. आदल्या दिवशी नको ते बोलायला कसा चटकन झुकलो होतो. प्रमुख पाहुणे शिस्तीवर बोलत होते. मी मनात वाक्य जुळवलं: साहेब, कालची ती हिट होती, माझं चुकलं. मग वाटलं, लोक म्हणतील शाल घेताना आठवलं नाही का. मग वाटलं, पेपरात पुन्हा छापून येईल. मग वाटलं, भाषण संपू दे. भाषण संपलं तेव्हा चार वाजून अठरा मिनिटं झाली होती, आणि खरं सांगतो, मला हायसं वाटलं. आता नियमानंच ते माझ्या हातात राहिलं नव्हतं.

खोडके साहेबांनी यादी वाचली. पिचर, स्मिता राऊत. शॉर्टस्टॉप, सांगलीची मुलगी. यमुनाचं नाव राखीव खेळाडूंतही नव्हतं. राखीवसाठीही आकडेच पाहिले होते. मांडवातून कोणीतरी "टेकाम?" असं विचारलं. साहेब म्हणाले, "आकडे पाहा भाऊ, आकडे. आम्ही काही मनानं केलं नाही." आणि माझ्याकडे बोट केलं.

राष्ट्रगीत झालं. खुर्च्या सरकवल्या जाऊ लागल्या. आमच्याकडे रिवाज आहे, स्पर्धा संपली की खेळाडू मुली व्यासपीठावर येऊन पंचांच्या आणि शिक्षकांच्या पाया पडतात. रांग आली. स्मिता माझ्या खुर्चीसमोर आली, थांबली, आणि न वाकता पुढच्या खुर्चीकडे गेली. मला बरं वाटलं. निदान एकीला तरी मी काय आहे ते ठाऊक होतं.

तिच्या मागे यमुना होती. कोपरावर कालचं खरचटलेलं तसंच होतं, त्यावर हळद लावलेली.

"सर, आजचं काय लिवलं?"

"हिट."

"माया नावावर चूक नाई ना?"

"नाही."

"मंग बराबर समजलं मले," ती म्हणाली.

तिचा आवाज साधा होता. त्यात टोमणा आहे का, ते मी इतक्या वर्षांत हजारदा तपासून पाहिलं. नव्हता. तिला खरंच वाटत होतं की मी तिला नियम शिकवला आणि तो तिला उशिरा कळला, एवढंच तिचं चुकलं. मी म्हणालो, "यमुना, अगं, पुढच्या वर्षी..."

"नाई सर. पुढच्या वर्षी नाई जमत."

आणि ती वाकली. शाल माझ्या खांद्यावर होती, नारळ मांडीवर होता. तिनं दोन्ही हातांनी माझ्या पायांना स्पर्श केला आणि ते हात कपाळाला लावले. आशीर्वाद द्यायला मी हात उचलला. तो तिच्या डोक्यापर्यंत नेण्याचा धीर मला झाला नाही.